कुटुंबासाठी दुसरी एटीव्ही निवडताना

पहिली एटीव्ही, म्हणजे पक्का रस्ता सोडून जंगलवाटांवर चालवायची हँडलची चारचाकी, घेताना घरातला एकच हौशी माणूस डोळ्यांसमोर असतो आणि बहुधा तोच ती चालवतो. दुसरी गाडी मात्र घरातल्या सर्वांत कमी सराव असलेल्या माणसाच्या हाती जाणार असते आणि तिला दिवसभर पहिल्या गाडीच्या सोबतीने त्याच वाटेवरून जायचे असते. म्हणून चालवणारा कोण आणि पहिली गाडी कोणती, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत इंजिन किती सीसीचे असावे याची चर्चा करण्यात अर्थ नसतो. शोरूममध्ये मात्र बोलणे नेमके सीसीपासूनच सुरू होते. या लेखात मिशिगन राज्य गृहीत धरले आहे, कारण डेट्रॉइटच्या परिसरात वाहनउद्योगातली मराठी कुटुंबे बरीच आहेत आणि सेंट हेलेन, ग्रेलिंग, गेलॉर्ड या बाजूच्या जंगलवाटा त्यांना शनिवार-रविवारच्या टप्प्यात आहेत. अन्य राज्यांत नियम वेगळे असले तरी गाडी पारखण्याची रीत फारशी बदलत नाही.

दुसरी गाडी सोळा वर्षांखालील मुलासाठी हवी असेल, तर ही खरेदी प्रौढांच्या गाडीच्या खरेदीहून पूर्णपणे वेगळी आहे असे समजावे. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेचे मत असे आहे की सोळा वर्षांखालील मुलांनी एटीव्ही चालवूच नये, आणि आईवडिलांनी निर्णय घेण्यापूर्वी या मताचा गंभीरपणे विचार करायला हवा. तरीही मुलासाठी गाडी घ्यायचे ठरले, तर गाडीवर चिकटवलेल्या वयाच्या लेबलापलीकडे जाऊ नये. ६+ गटातल्या गाडीचा कमाल वेग ताशी १५ मैलांपर्यंत आणि १०+ गटातल्या गाडीचा ३० मैलांपर्यंत मर्यादित असतो; शिवाय वेग आणखी खाली बांधून ठेवण्याची सोय त्यांत असते, ती सुरुवातीच्या काळात जरूर वापरावी. ‘दोन वर्षांत लहान पडेल, मग आताच मोठी घेऊ’ हा हिशेब शाळेच्या गणवेशाला ठीक आहे, एटीव्हीला नाही, कारण पाच-सहाशे पौंडांची गाडी उताराला कलली तर मुलाच्या वजनाने ती सावरली जात नाही.

गाडी अंगाला बसते की नाही, हे मुलाला शोरूममध्ये नेऊनच पाहावे लागते. पायठेवणीवर उभे राहिल्यावर मुलगा आणि सीट यांच्यात ३ ते ६ इंच अंतर राहिले पाहिजे. बसल्यावर मांडी साधारण जमिनीला समांतर असावी. हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पूर्ण वळवताना दोन्ही हात मुठींवर राहिले पाहिजेत, अंगठा अ‍ॅक्सिलरेटरपर्यंत सहज पोहोचला पाहिजे आणि मधल्या बोटाचे पहिले पेर ब्रेकच्या लिव्हरपलीकडे गेले पाहिजे. यातली एकही गोष्ट जमत नसेल, तर किंमत कितीही कमी होत असली तरी ती गाडी घेऊ नये. मिशिगनमध्ये सोळा वर्षांखालील चालकाकडे सुरक्षा प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र असावे लागते आणि तो मोठ्या माणसाच्या नजरेच्या टप्प्यात असावा लागतो, म्हणजे मुलासाठी गाडी घेणे म्हणजे त्याच्या वेगाने आपणही जाण्याची तयारी ठेवणे होय. लहान गाडीची चाके लहान, टाकी लहान आणि जोर फक्त मागच्या चाकांना असतो. चाळीस मैलांच्या फेरीचा बेत तिच्या भरवशावर करता येत नाही.

इथे डबलसीटचा विषय काढावाच लागतो, कारण भारतात दुचाकीवर वाढलेल्या आपल्या पिढीला लांब सीट दिसली की मागे माणूस दिसतो. साध्या एटीव्हीची लांब सीट ही चालकाला चढावर पुढे आणि उतारावर मागे सरकता यावे म्हणून लांब असते. मागे दुसरा माणूस बसला की ती जागा अडते, वजन मागच्या चाकांच्या वर जाते आणि चढावर पुढची चाके उचलली जातात. मिशिगनमध्ये उत्पादकाने दोघांसाठी बनवलेल्या गाडीवरच दुसऱ्या माणसाला बसवता येते. आजी-आजोबा किंवा गाडी चालवायची इच्छा नसलेला जोडीदार सोबत येणार असेल, तर कॅन-अ‍ॅमची आउटलँडर मॅक्स किंवा पोलारिसची स्पोर्ट्समन टुरिंग अशा, चाकांमधले अंतर वाढवून पाठ टेकण्याची सोय केलेल्या गाड्याच पाहाव्यात.

आता दुसरी गाडी प्रौढ पण नवख्या चालकासाठी आहे असे धरू. पहिल्यांदा रुंदी मोजावी. मिशिगनमधल्या एटीव्हीच्या ट्रेल ५० इंचांपर्यंतच्या वाहनांसाठी आहेत. बहुतेक एटीव्ही ४५ ते ४८ इंच रुंद असल्याने नव्या गाडीला अडचण येत नाही, परंतु आधीच्या मालकाने स्पेसर (चाक बाहेर सरकवणारी चकती) घालून रुंद टायर बसवले असतील तर हीच गाडी मर्यादेबाहेर जाऊ शकते. दोन एटीव्हींऐवजी चार सीटची साइड-बाय-साइड, म्हणजे मोटारीसारखी शेजारी-शेजारी बसून चालवायची गाडी, घ्यावी असा सल्ला मित्रमंडळींकडून हमखास मिळतो. ती गाडी वाईट नाही, पण तिची रुंदी साठ इंचांच्या घरात जाते आणि या अरुंद वाटा तिला बंद होतात.

त्यानंतर गिअरबॉक्स. माझ्या मते नवख्या चालकासाठी इंजिनाच्या ताकदीपेक्षा हा मुद्दा मोठा आहे. होंडाच्या २२९ सीसी रेकॉनमध्ये किंवा ४२० सीसी रँचरच्या साध्या प्रकारांत गिअर हाताने किंवा पायाने बदलावे लागतात, मात्र क्लचचा लिव्हर नसतो. यामाहा, पोलारिस, कॅन-अ‍ॅम यांच्या बहुतेक गाड्या पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिक असतात. ऑटोमॅटिक गाडी शिकायला सोपी, पण उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर इंजिन तिला किती आवरून धरते हे प्रत्येक कंपनीत निराळे असते, आणि घाबरलेला चालक उतारावरच ब्रेक चुकीचा दाबतो. म्हणून चाचणी घेताना सपाट आवारात फेरी मारून भागत नाही, थोडा तरी उतार शोधावा. घरातले दोघे आलटूनपालटून दोन्ही गाड्या चालवणार असतील, तर दोन्ही एकाच पद्धतीच्या असणे चांगले. एकीवर बोटाने गिअर बदलायची सवय झालेली व्यक्ती दुसरीवर बसल्यावर नेमकी अडचणीच्या जागी गोंधळते.

पॉवर स्टीअरिंग ही चैन समजून वगळले जाते. चारही चाकांना जोर दिल्यावर हँडल जड होते, आणि पुढचे चाक दगडावर आपटले की झटका सरळ मनगटापर्यंत येतो; कमी वजनाच्या चालकाला दुपारपर्यंत यानेच थकवा येतो. पैसे कुठे तरी वाचवायचेच असतील तर विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारे यंत्र), मोठे रिम आणि रंगीत ग्राफिक्स यांवर वाचवावेत. मागच्या बाजूला स्वतंत्र सस्पेन्शन असेल तर प्रवास सुखाचा होतो आणि गाडीचे जमिनीपासूनचे अंतर वाढते, एकसंध अ‍ॅक्सल असेल तर देखभाल कमी आणि वळणावर गाडी कमी झुकते. मिशिगनच्या वाळूमिश्रित, मुळांनी भरलेल्या वाटांवर मी पहिल्या प्रकाराच्या बाजूने आहे. ताकदीबद्दल एवढे पुरे की ४०० ते ५७० सीसीच्या गाड्या कौटुंबिक भटकंतीला पुरून उरतात, पहिली गाडी कितीही मोठी असली तरी.

दोन्ही गाड्या एकाच कंपनीच्या असाव्यात का? सोय नक्कीच होते. होंडा आणि यामाहाच्या चाकांना चार बोल्ट ११० मिलिमीटरच्या वर्तुळात असतात, कॅन-अ‍ॅमला १३७ आणि पोलारिसला १५६, त्यामुळे वेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांत एक जादा चाक दोघींना चालत नाही. तरीही गाडी चालकाच्या अंगाला बसत नसेल तर या सोयीसाठी ती घेऊ नये. पंक्चर काढण्याचे साहित्य, छोटा पंप आणि पाच-सहा पीएसआय अचूक दाखवणारा कमी दाबाचा गेज एवढे दोन्हींसाठी चालते.

खरेदीच्या भरात ट्रेलर विसरला जातो. साधारण सात फूट लांबीच्या दोन गाड्या एकापाठोपाठ उभ्या करायच्या तर चौदा फुटांचा ट्रेलर लागतो. एका अ‍ॅक्सलच्या नेहमीच्या ट्रेलरची एकूण क्षमता बहुधा २,९९० पौंड असते आणि त्यात ट्रेलरचे स्वतःचे वजन धरलेले असते. ते हजार-अकराशे पौंड वजा केले की सहाशे-सातशे पौंडांच्या दोन गाड्या, पेट्रोलचे कॅन आणि सामान यांना जागा उरते, पण सैल हाताने भरण्याइतकी नाही. सिएना किंवा ओडिसीसारख्या मिनीव्हॅनची ओढण्याची क्षमता योग्य साहित्यासह साधारण ३,५०० पौंड असते. व्हॅनमध्ये पाच माणसे आणि त्यांचे डबे आहेत हेही त्या हिशेबात धरावे.

दुसरी गाडी वापरलेली घेणे बहुतेक वेळा शहाणपणाचे असते, कारण नवीन गाडीच्या जाहिरातीतल्या किमतीवर डीलर वाहतूक आणि जुळणीचा खर्च लावतो. मात्र पाहायला जाण्यापूर्वी मालकाला इंजिन सुरू न करण्याची विनंती करावी आणि पोहोचल्यावर इंजिनाजवळ हात नेऊन ते थंड असल्याची खात्री करावी. आधीच तापवून ठेवलेली गाडी कशीही असली तरी चटकन सुरू होते. मग सीट काढून एअर फिल्टरचा डबा उघडावा. फिल्टर बाहेरून मळलेला असणे स्वाभाविक आहे, पण फिल्टरच्या आतल्या बाजूला वाळलेल्या चिखलाची रेघ किंवा बारीक वाळू दिसली, तर गाडी पाण्यात बुडालेली असू शकते किंवा इंजिनाने धूळ ओढलेली असते. ऑइलची पट्टी ओढून पाहावी. ऑइल दुधाळ दिसले, म्हणजे त्यात पाणी मिसळलेले असले, तर ती गाडी सोडून द्यावी, पुढे काही पाहायची गरज नाही.

पुढचा भाग जॅकवर उचलून चाक वर आणि खाली धरून हलवावे. टक्-टक् असा प्ले जाणवला तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग गेलेले आहे. अ‍ॅक्सलच्या सांध्यावरचे रबरी बूट (आवरण) फाटून ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला उडाले आहे का, तेही पाहावे. त्यानंतर वाकून चेसिसखाली बर्फ ढकलण्याच्या फाळाचे माउंट किंवा त्याच्या खुणा शोधाव्यात. मिशिगनमध्ये हिवाळाभर ड्राइव्ह-वे साफ करण्यासाठी एटीव्ही वापरल्या जातात, आणि अशा गाडीचे मैल कमी दिसले तरी पट्टा, पुढचे सस्पेन्शन आणि गिअरबॉक्स यांनी खूप सोसलेले असते. मीटरवर मैल आणि तास दोन्ही दिसत असतील तर भागाकार करावा: सरासरी ताशी सात-आठ मैलांच्या खाली असेल तर ती गाडी भटकंतीपेक्षा कामाला जास्त लागलेली आहे. चारचाकी जोर खडीवर लावून पाहावा, सपाट डांबरावर नाही.

कागदपत्रांत चेसिसवरचा क्रमांक आणि टायटलवरचा (मालकीच्या दाखल्यावरचा) क्रमांक एकच असल्याचे स्वतः वाचून घ्यावे, कारण मिशिगनमध्ये एटीव्हीलाही टायटल लागते आणि त्यावर कर्जाचा बोजा असू शकतो. वापरासाठी ओआरव्ही (ऑफ-रोड वाहन) लायसन्स आणि सरकारी वाटांवर जायचे तर ट्रेल परमिट, दोन्ही प्रत्येक गाडीला स्वतंत्र घ्यावी लागतात. लायसन्सचे वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असे मोजले जाते, त्यामुळे फेब्रुवारीत गाडी घेतली तर स्टिकरसाठी एप्रिलपर्यंत थांबणे परवडते. तेवढ्या काळात नव्या चालकासाठी एटीव्ही सेफ्टी इन्स्टिट्यूटच्या प्रत्यक्ष सरावाच्या वर्गाची वसंतातली जागा राखून ठेवावी.