फर्स्ट फ्लाइट कव्हर घेताना आणि जपताना या चुका टाळा

फर्स्ट फ्लाइट कव्हर म्हणजे एखाद्या हवाई मार्गाच्या पहिल्या उड्डाणातून टपालाने गेलेलं पाकीट. त्यात सगळ्यांत जास्त पैसे बुडतात ते पाकिटाची फक्त समोरची बाजू बघितल्यामुळे. विमानाचं चित्र, 'पहिलं उड्डाण' असा ठसठशीत कॅशे (पाकिटावर छापलेला किंवा शिक्क्याने उठवलेला सजावटीचा मजकूर), वळणदार अक्षरातला पत्ता एवढं दिसलं की सौदा ठरतो. पण पाकीट त्या विमानातून गेलं की नाही, हे कॅशेवरून कळत नाही. तो आधी छापून ठेवता येतो आणि मागाहूनही मारता येतो. उड्डाणाचा पुरावा म्हणजे निघताना बसलेला तारीखशिक्का, पाठीवरचा पोचशिक्का आणि हवाई दराला पुरतील एवढी तिकिटं. ही तिन्ही एकमेकांशी जुळली पाहिजेत. म्हणून लिलावात फक्त पुढच्या बाजूचा फोटो दिला असेल तर पाठीचा फोटो मागा. तो मिळाला नाही तर ते पाकीट सोडून द्या.

टाटांच्या कराची–मद्रास सेवेचं उदाहरण घ्या. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जेआरडी टाटांनी पुस मॉथ या छोट्या विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला, जुहूला टपाल आणलं. पुढे त्यांचे सहकारी वैमानिक नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते बेल्लारीमार्गे मद्रासला नेलं. वाटेत बेल्लारीला मुक्काम पडल्याने टपाल मद्रासला 16 तारखेला पोचलं. त्यामुळे निघाल्याचा आणि मद्रासला पोचल्याचा, असे दोन्ही शिक्के 15 चे असतील तर गडबड आहे. उलट, मुंबई–मद्रास टप्प्याच्या पाकिटावर पुण्याचा 14 तारखेचा शिक्का दिसला तर त्यात खोट नाही. ते आदल्या दिवशी टाकून रेल्वेने मुंबईला आलेलं असणार. लंडनहून इम्पीरियल एअरवेज या ब्रिटिश कंपनीच्या विमानाने कराचीला येऊन या विमानाला मिळालेल्या पत्रांवर तर आठवडाभर आधीची तारीख असते. 'तारीख चुकीची' म्हणून अशी पाकिटं बाजूला टाकणारे बरेच आहेत आणि जाणकार ती शांतपणे उचलतात.

बेल्लारीचा शिक्का नाही म्हणून मद्रासचं पाकीट खोटं ठरवणं हीसुद्धा चूकच. टपालाची थैली बंद असताना मधल्या गावी पत्रावर शिक्का बसत नाही. 30 जानेवारी 1949 ला सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपालालाही हेच लागू पडतं. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासची विमानं नागपूरला एकत्र येऊन थैल्यांची अदलाबदल करत. त्यामुळे नागपूरचा शिक्का नसणं हा दोष नाही.

कराची, अहमदाबाद, मुंबई, बेल्लारी आणि मद्रास या पाच ठिकाणांच्या एका दिशेने दहा जोड्या होतात आणि प्रत्येकीचं पाकीट वेगळं धरलं जातं. 'टाटांचं पहिलं उड्डाण' एवढ्याच वर्णनावर भाव ठरवू नका. टप्पा कोणता आणि दिशा कोणती, हे आधी विचारा. दिशेची चूक 1929 च्या पाकिटांत फार होते. इम्पीरियल एअरवेजची भारताकडे येणारी पहिली सेवा 30 मार्चला लंडनहून निघाली, पण भारतातून पहिलं टपाल कराचीहून गेलं ते 7 एप्रिलला. शिवाय त्या मार्गात बाझेल (स्वित्झर्लंड) ते जिनोव्हा (इटली) हा टप्पा रेल्वेचा होता, म्हणून अल्बमच्या पानावर 'लंडन ते कराची पूर्ण हवाई प्रवास' असं लिहू नका.

एकमेकांच्या काळात न बसणाऱ्या खुणा शोधायची सवय लावून घ्या. यात बनावट माल पटकन उघडा पडतो. भारताची हवाई टपालाची खास तिकिटं 22 ऑक्टोबर 1929 ला निघाली. एप्रिल 1929 च्या पाकिटावर ती असूच शकत नाहीत, मात्र 30 डिसेंबर 1929 च्या कराची–दिल्ली पाकिटावर चालतात. 1932 च्या पाकिटावर नंतर गादीवर आलेल्या सहाव्या जॉर्ज राजाचं तिकीट, बॉलपेनने लिहिलेला पत्ता किंवा सहा आकडी पिनकोड दिसला तर पुढे बघायचीही गरज नाही, कारण पिनकोड 1972 मध्ये आला. 365 नॅनोमीटरचा अल्ट्राव्हायोलेट टॉर्च अंधारात कागदावर मारा. कागद निळसर पांढरा लखलखला तर तो बहुधा दुसऱ्या महायुद्धानंतरचा आहे. त्यानंतर दहापट भिंगाखाली तिकिटाची कड बघा. शिक्क्याची रेघ तिकिटावरून पाकिटावर सलग उतरते का? कडेपाशी तुटत असेल किंवा जराशी सरकलेली असेल तर तिकीट नंतर चिकटवलेलं असण्याची शक्यता आहे.

फर्स्ट डे कव्हर (तिकीट निघाल्याच्या पहिल्या दिवसाचं पाकीट) आणि फर्स्ट फ्लाइट कव्हर यांची गल्लत 1948 च्या एअर इंडिया इंटरनॅशनलच्या बाबतीत हमखास होते. 12 आण्यांच्या तिकिटावरच 'पहिलं उड्डाण, 8 जून 1948' असं छापलंय, पण तिकीट निघालं 29 मे रोजी. 29 मेचा शिक्का असलेलं पाकीट हे तिकिटाच्या पहिल्या दिवसाचं. त्या उड्डाणाच्या 'मलबार प्रिन्सेस' विमानातून कैरो, जिनिव्हा किंवा लंडनला गेलेल्या पाकिटावर 8 जूनच्या प्रस्थानाशी जुळणारा शिक्का हवा. 1962 आणि 1982 साली जेआरडींनी लेपर्ड मॉथमधून कराची–मुंबई उड्डाण पुन्हा केलं. त्या वेळची स्मरणपाकिटं आपापल्या जागी चांगली आहेत, फक्त ती 1932 च्या भावात घेऊ नका.

पाकीट हाती आल्यावरच्या चुका जास्त महागात पडतात, कारण त्या उलटवता येत नाहीत. तिकीट भिजवून काढणं, कडा कापून सारख्या करणं, खोडरबराने पत्ता घासणं, फाटलेल्या जागी सेलोटेप लावणं, लॅमिनेशन करणं यातलं काहीही करू नका. जुना सेलोटेप असेल तर ओढू नका, त्यासोबत कागदाचा थर निघतो. ते काम कागद संवर्धकाचंच. आत पत्र असेल तर पाकिटासोबतच ठेवा. जुन्या विक्रेत्याने पेन्सिलने लिहिलेल्या नोंदीही पुसू नका, कधीकधी टप्प्याचा किंवा दराचा उलगडा त्यातूनच होतो.

पीव्हीसीच्या मऊ, वास येणाऱ्या थैल्या काही वर्षांत चिकट होतात आणि शाई ओढून घेतात. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या थैल्या वापरा आणि पाकिटाच्या मागे आम्लमुक्त कार्ड घाला. मुंबईत आणि कोकणात खरी परीक्षा जून ते सप्टेंबरमध्ये असते. दमट हवेने झाकणाचा गोंद सुटून थैलीला चिकटतो आणि कागदावर तपकिरी ठिपके धरतात. आर्द्रता 45 ते 55 टक्क्यांत ठेवा. हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून दर पंधरवड्याला रंग तपासा आणि बदललेला दिसला की जेल तापवून कोरडं करा. डांबरगोळ्या मात्र डब्यात नकोत, त्यांची वाफ काही प्लास्टिकला मऊ करते. अल्बम आडवे रचू नका, उभे ठेवा. गोंद चिकटलाच असेल तर ओलावा किंवा वाफ देऊ नका, थैली कडेने कापून पाकीट मोकळं करा.