आधी दागिने, मग रंग: जुन्या पद्मिनीचं क्रोम, पट्ट्या आणि पेंट

दसऱ्याला छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक गाडी दसरा चौकात येते तेव्हा अख्खं कोल्हापूर मोबाईल वर करून उभं असतं, आणि त्याच गर्दीत कोणतरी हमखास म्हणतं, आमच्याकडं पण एक जुनी फियाट पडून हाय, एकदा करायला पाहिजे. ते "एकदा" दहा दहा वर्षं उजाडत नाही. आमचं पण तसंच. आप्पांची १९७५ ची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे फियाटच, कुर्ल्याच्या कारखान्यातली, गोठ्याशेजारच्या शेडात ताडपत्रीखाली आणि वर कडब्याच्या पेंड्या. इंजिनचं काम मेकॅनिकनं केलं, तो विषय वेगळा. रंग आणि क्रोमचं बरंचसं मी स्वतः केलं, त्यात जे चुकलं आणि जे जमलं ते लिहितोय.

गॅरेजला गाडी नेली की पहिला प्रश्न येतो, कलर कुठला मारायचा? चुकीचा प्रश्न आहे हा. पहिला प्रश्न असा पाहिजे की बंपर, पट्ट्या, हँडल, गाडीच्या नावाची धातूची अक्षरं यातलं शाबूत किती आहे. कारण रंग कधीपण मारता येतो, पण मागच्या डिकीवरचं एखादं अक्षर हरवलं तर जुन्या बाजारात तीन महिने फिरावं लागतं. आणि दुसरं म्हणजे प्लेटिंगला दिलेला माल सांगितलेल्या तारखेला कधीच येत नाही. त्यामुळं दागिने आधी, साडी नंतर. ऐकायला उलटं वाटतं, पण सरळ केलेला बंपर किंवा बाजारातून आणलेली पट्टी जुन्या भोकांत तंतोतंत बसतच नाही, एखादं भोक मोठं करावं लागतं, एखादी क्लिप सरकवावी लागते, आणि हे ड्रिल नव्या रंगावर चाललं की कडेनं रंगाचा टवका उडालाच म्हणून समजा. प्लेटिंग झालेला माल एकदा गाडीवर लावून बघायचा, भोकं जुळवायची, परत काढून फडक्यात गुंडाळून ठेवायचा, मग रंगाला हात लावायचा.

काढताना घाई नको. स्क्रू गंजलेले असतात, आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवा. बाजूच्या पट्ट्या पेचकसानं उचकटल्या तर वाकतात आणि एकदा पडलेली घडी जात नाही, म्हणून बांबूची चपटी पट्टी किंवा जुना प्लॅस्टिकचा उलथना आत सरकवून एकेक क्लिप सोडवायची. प्रत्येक तुकड्याचा फोटो, प्रत्येकाचे स्क्रू वेगळ्या पिशवीत, पिशवीवर मार्करनं नाव. "लक्षात राहील" म्हणणाऱ्याच्या हातात शेवटी सात स्क्रू उरतात, माझ्या हातात नऊ उरले.

आता सगळ्यात महत्त्वाचं. चमकणारं सगळं क्रोम नसतं. हातात लोहचुंबक घ्या. बंपर लोखंडी पत्र्याचा आणि त्यावर क्रोम, तिथं चुंबक घट्ट चिकटतो आणि गंज तांबूस दिसतो. ॲल्युमिनियमची ग्रिल किंवा पट्टी असेल तर चुंबक चिकटत नाही, हाताला हलकी लागते आणि खराब झाली की पांढरट मळकट होते. स्टीलच्या पट्ट्यांत काही चिकटतात काही नाही, पण स्टील सहसा गंजत नाही, नुसतं पिचतं आणि ओरखडतं. आणि चौथा प्रकार म्हणजे मझॅक, म्हणजे जस्ताचं ओतकाम. दाराची हँडलं, अक्षरं, असले नक्षीचे तुकडे बऱ्याचदा मझॅकचे. चुंबक चिकटत नाही, हाताला जड, आणि वरचं क्रोम पुटकुळ्या आल्यासारखं फुगतं.

मझॅकवर एवढं का बोलतोय तर माझी दोन हँडलं त्यातच गेली. एका प्लेटिंगवाल्याकडं बंपरबरोबर हँडलं पण दिली, काय धातू आहे ते मी सांगितलं नाही, त्यानं विचारलं नाही. बंपरचं जुनं क्रोम आणि गंज काढायला जे ॲसिड असतं त्याच टाकीत हँडलं पण पडली. ॲसिड जस्ताला खातंच. चार दिवसांनी हातात जे आलं ते आंब्याची कोय चोखून टाकल्यासारखं होतं, कडा गायब, बटणाचं भोक वाढलेलं. भांडून काय उपयोग. तेव्हापासून प्रत्येक तुकड्याला सुतळीनं चिठ्ठी बांधतो, "लोखंड", "मझॅक, ॲसिड नको".

प्लेटिंगला द्यायच्या आधी बघा खरंच गरज आहे का. क्रोमचा थर अगदी पातळ असतो, मायक्रॉनभरसुद्धा नाही, खरी चमक आणि गंजापासून बचाव खालचं निकेल करतं. निकेल शाबूत असेल आणि वर नुसते तांबूस ठिपके असतील तर स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची फॉईल चुरगाळून साध्या पाण्यात बुडवून हळू घासायची. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ, त्यामुळं ओरखडा पडत नाही, आणि गंज काळ्या चिखलासारखा निघून येतो. मागचा बंपर मी असाच केला, दोन रविवार गेले, खर्च फॉईलचा. जवळ जाऊन बघितलं तर बारीक खड्डे दिसतात. दिसू देत, पन्नास वर्षांची गाडी आहे.

पण थर सोलून निघत असेल तर प्लेटिंगच. उद्यमनगरात, म्हणजे कोल्हापूरच्या कारखान्यांच्या भागात, देताना एकच विचारायचं, आधी तांबं, मग निकेल, मग क्रोम, असे तिन्ही थर देणार का? नुसतं निकेल-क्रोम मारून दिलं तर पहिल्या दिवशी दोन्ही सारखंच दिसतं, कोल्हापूरच्या दोन पावसाळ्यांत फरक कळतो. आणि प्लेटिंग खड्डे भरत नाही. खालचा पत्रा जसा तसंच वर दिसणार, म्हणून बफिंग आणि ठोकाठोक आधी नीट करून घ्यायची. क्रोमच्या टाकीचं काम घरी करायच्या भानगडीत पडू नका, युट्यूबवर काहीपण दाखवतात, त्यातलं रसायन कॅन्सर करणारं आहे.

स्टीलच्या पट्ट्या मात्र घरी मस्त होतात. पिचलेली जागा मागून लाकडाच्या खुंटीनं हळूहळू उठवायची, मग ४००, ८००, १५०० नंबरचा वॉटरपेपर पाण्यातून, आणि शेवटी ड्रिलला कापडी बफ लावून पॉलिशची वडी. बफ फिरताना पट्टीची कड कधीच बफच्या समोर आणायची नाही, कड अडकली की पट्टी हातातून उडते. चष्मा घाला, आणि हातमोजा घालून बफिंग करू नका, मोजा ओढला जातो. चांदीच्या पैंजणांना हुपरीत पॉलिश करणाऱ्या माणसाच्या हाताकडं एकदा बघा, तो वस्तू कशी फिरवतो ते, मी तिथंच शिकलो. ॲल्युमिनियमवर बऱ्याचदा अॅनोडायझिंगचा, म्हणजे विजेच्या प्रक्रियेनं चढवलेला संरक्षक थर असतो, तो ढगाळला असेल तर कितीपण पॉलिश घासा, चमक येत नाही, तो थर आधी काढून घ्यावा लागतो. काढला की मग दर दोन-तीन महिन्यांनी वॅक्स मारायची तयारी ठेवा, नाहीतर परत मळकट.

आता रंग. मूळ रंग कोणता हे बाहेरून कळत नाही, आमच्या गाडीवर तीन हात चढले होते. डॅशबोर्डच्या खणाच्या झाकणामागं, डिकीच्या आतल्या कोपऱ्यात, दाराच्या रबराखाली बघा. आम्हाला बाजूच्या पट्टीच्या मागं बोटभर रुंदीचा फिकट निळा सापडला, पन्नास वर्षं ऊन न लागलेला. आप्पा बघतच राहिले, म्हणाले, घेतली तेव्हा हाच होता की रं. त्याच तुकड्यावरून दुकानात शेड जुळवून घेतली. रंग बदलायचाच असेल तर आरटीओत आरसी बुकावर नोंद करावी लागते, हे विसरू नका. आणि पन्नास वर्षांच्या वरची गाडी विंटेज म्हणून नोंदवायचा २०२१ चा नियम आहे, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पण त्यात चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला चालत नाही आणि रोजच्या वापराला गाडी काढता येत नाही. त्यामुळं बॉडी कापून काहीतरी फॅन्सी करायच्या आधी विचार करा.

जुना रंग घासताना कोरडा घासू नका. त्या काळच्या रंगात शिसं असू शकतं, धूळ फुफ्फुसात जाते आणि अंगणात खेळणाऱ्या पोरांच्या पोटात. पाणी मारून घासा, लगदा गोळा करून टाका. गंज दिसला की नुसता वरून खरवडून लांबी, म्हणजे खड्डे भरायची पुट्टी, भरायची नाही. पेचकसाचं टोक दाबून बघा, आत गेलं तर पत्रा सडलाय, कापून नवा तुकडा वेल्डिंग करा. लांबीचा थर दोन-तीन मिलिमीटरच्या वर गेला की खड्ड्यात गाडी आदळल्यावर चिरते. उघड्या पत्र्यावर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर, म्हणजे गंज रोखणारा पहिला थर, रात्रभर उघडा ठेवला तर आपल्या हवेत सकाळी तांबूस झाक आलेली असते.

मग सरफेसर, म्हणजे रंगाआधी पृष्ठभाग सपाट करणारा जाड थर, आणि इथं एक युक्ती जी बहुतेक पेंटर वेळ वाचवायला गाळतात. सरफेसर वाळल्यावर वरून काळ्या स्प्रेचा अगदी हलका धुरळा मारायचा. मग लाकडी ठोकळ्याला ४०० चा पेपर गुंडाळून पाण्यातून तिरकस घासायचं. उंच जागेचा काळा लगेच जातो, खोलगट जागेत काळा राहतो. बोटाला लागत नाही तो खड्डा डोळ्याला दिसतो. आमच्या बॉनेटवर डाव्या बाजूला ताटलीएवढा काळा गोल राहिला, तीन वेळा सरफेसर मारला तेव्हा गेला. हे केलं नसतं तर रंग मारल्यावर ट्यूबलाईटचं प्रतिबिंब तिथं हमखास वाकडं दिसलं असतं. शेवटचा हात ६०० किंवा ८०० नं.

रंग कधी मारायचा? दिवाळी झाल्यावर ते फेब्रुवारीपर्यंत. मी पहिल्यांदा गणपतीच्या आधी उरकायच्या नादात ऑगस्टमध्ये डिकीवर एनसी (नायट्रोसेल्युलोज) पेंट, म्हणजे थिनर उडून वाळणारा रंग, मारला, थिनर उडताना पत्रा गार होतो, हवेतला ओलावा त्यावर बसतो, आणि सगळी डिकी दुधाळ झाली. पांढऱ्या रश्श्यासारखी. परत घासून शून्यातून.

साध्या, चमकी नसलेल्या रंगाला मी पीयू (पॉलियुरेथेन) घेतला, वरून क्लिअर कोट म्हणजे पारदर्शक थर नाही, मेटॅलिक तर अजिबात नाही. पेंटर आग्रह करतात, पण जुन्या गाडीवर काचेसारखा क्लिअर दिसला की ती गाडी खेळण्यातली वाटते. हार्डनर आणि थिनरचं प्रमाण डब्यावर असतं तेच घ्या, अंदाजानं नको. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्यानं कायमचा दमा लागू शकतो, तोंडाला रुमाल बांधून हे काम होत नाही. वाफ गाळणाऱ्या कार्ट्रिजचा मास्क हे कमीत कमी, बाहेरून हवा मिळणारा मास्क असलेल्या बूथमध्ये, म्हणजे रंगकामाच्या बंद खोलीत, काम झालं तर उत्तम. मी बाहेरचे पॅनेल एका ओळखीच्या बूथमध्येच मारून घेतले, हौस म्हणून चाकांच्या रिम तेवढ्या मी मारल्या.

गन धरायची पत्र्यापासून एक वीत, हात मनगटातून नाही, खांद्यातून चालवायचा, म्हणजे अंतर सारखं राहतं. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवायचा. पहिला हात हलका, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, मग दुसरा ओला. जवळ धरलं की ओघळ, लांब धरलं की संत्र्याच्या सालीसारखा पृष्ठभाग. कॉम्प्रेसरला पाणी अडवायचं फिल्टर पाहिजेच. आणि शेडमध्ये कुणीपण डॅशबोर्डचं पॉलिश मारत असेल तर त्याला आधी बाहेर काढा, त्यातलं सिलिकॉन उडून पत्र्यावर बसलं की रंगाला माशाच्या डोळ्यासारखी भोकं पडतात.

बारीक कामात मला सगळ्यात जास्त मजा आली. अक्षरांच्या खाचेत रंग भरायचा तर बारीक ब्रशनं एनॅमल जरा सढळ भरा, थोडं चिकट झालं की कापड पुठ्ठ्यावर ताणून गुंडाळा, त्याला थिनरचा नुसता वास लावल्याएवढा ओलावा द्या आणि वरून एकदाच पुसा. पुठ्ठा नसेल तर कापड खाचेत घुसतं आणि सगळा रंग पुसून नेतं. रिमवरची बारीक गोल रेघ माझ्यानं होईना, मग ट्रकवर नक्षी काढणाऱ्या एका म्हाताऱ्या पेंटरकाकांना बोलावलं. त्यांनी टेप मागितला नाही. चाक जॅकवर उचललं, मला हळू फिरवायला सांगितलं, करंगळी रिमवर टेकवली आणि लांब केसांचा ब्रश जागच्या जागी धरून ठेवला. चाक फिरलं, रेघ आपोआप आली. चारी चाकं चहा गार व्हायच्या आत.

काच बसवताना नवीन रबर घ्या, ते काचेवर चढवून त्याच्या पत्र्याकडच्या खाचेत सुतळी घालून दोन्ही टोकं गाडीच्या आत ठेवा, साबणाचं पाणी लावा, एकानं बाहेरून तळहातानं दाबायचं आणि दुसऱ्यानं आतून सुतळी ओढत जायची, रबराची ओठी पत्र्यावर आपोआप चढते. बंपर आणि पट्ट्या शेवटी, क्लिपच्या प्रत्येक भोकात थोडं ग्रीस भरून, कारण गंज सुरू होतो तो तिथूनच.

पहिला महिनाभर वॅक्स नको, साध्या पाण्यानं धुवायचं आणि गाडी उघड्या हवेशीर जागेत ठेवायची, रंगातलं थिनर पूर्ण उडायला वेळ लागतो. ताडपत्री तर अजिबात नको, आत ओलावा कोंडतो. हे मी आप्पांना दोनदा समजावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शेडात गेलो तर गाडीवर ताडपत्री, वर चार विटा, आणि आप्पा म्हणाले, रात्री कोंबड्या चढत होत्या रं.