फिजिकल सर्व्हर व्हीएमवर नेताना या चुका टाळा

कॉपी शंभर टक्के पूर्ण होते, नवीन व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने बनवलेला संगणक) सुरू केली जाते, आणि पहिल्याच बूटला निळा स्क्रीन येतो. किंवा मशीन सुरू होतं, पण डी ड्राइव्ह दिसत नाही, टॅली एज्युकेशनल (विनालायसन्स) मोडमध्ये उघडतं आणि वजनकाट्याचं रीडिंग येत नाही. वागळे इस्टेट, रबाळे, महापे, तुर्भे इथल्या कारखान्यांत आणि वाशी-बेलापूरच्या ऑफिसांत दहा-बारा वर्षं चाललेला एकच टॉवर सर्व्हर व्हीएमवर न्यायचा असतो, तेव्हा अडचणी साधारण याच ठरलेल्या जागी येतात. डेटा कॉपी करणं त्यातल्या त्यात सोपं. त्या जुन्या लोखंडाला काय काय चिकटलेलं आहे, हे आधी न पाहिल्यानं बहुतेक कामं फसतात.

एक गैरसमज सुरुवातीलाच दूर करावासा वाटतो. व्हीएमवर नेल्यानं विंडोजचं आयुष्य वाढत नाही. सर्व्हर २०१२ आर२ चा सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ ला संपला, २०१६ चा १२ जानेवारी २०२७ ला संपतोय. हार्डवेअर बदललं तरी आतली सिस्टीम तीच जुनी राहते.

यादी न करता कॉपी सुरू करणं

सर्व्हरच्या मागच्या बाजूला बॅटरी घेऊन जा आणि प्रत्येक केबल कुठे जाते ते लिहून काढा. यूएसबी डोंगल (सॉफ्टवेअरच्या लायसन्सची यूएसबी किल्ली) असेल तर आधी हायपरव्हायझर (व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) कोणता, ते बघा. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीमध्ये होस्टला (ज्या खऱ्या मशीनवर व्हीएम चालतात त्याला) लावलेलं यूएसबी डोंगल व्हीएमला थेट देता येत नाही. व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआयमध्ये आणि प्रॉक्समॉक्समध्ये देता येतं, पण मग ती व्हीएम त्या होस्टला बांधली जाते. हायपर-व्हीच वापरायचं असेल तर नेटवर्कवरून यूएसबी देणारा छोटा डबा मिळतो, तो मायग्रेशनच्या आधी आणून जुन्या सर्व्हरवरच आठवडाभर चालवून बघा. वजनकाटा किंवा एखादं मशीन कॉम (सिरीयल) पोर्टला जोडलेलं असेल, तर त्यासाठी सिरीयल टू इथरनेट कन्व्हर्टर घ्यायचा आणि बॉड रेट, पॅरिटी, स्टॉप बिट जुन्या पोर्टच्या सेटिंगमधून जशेच्या तसे उतरवायचे.

टॅलीचं लायसन्स मशीनच्या हार्डवेअरला बांधलेलं असतं. जुन्या सर्व्हरवर ते सरेंडर करा आणि नव्या व्हीएमवर पुन्हा अ‍ॅक्टिव्हेट करा. मात्र सरेंडर अगदी शेवटी करायचं. आधी चाचणीची कॉपी घ्या, ती बूट होते हे पक्कं करा, मगच लायसन्सला हात लावा. काही सॉफ्टवेअर नेटवर्क कार्डाचा मॅक अ‍ॅड्रेस (कार्डाचा ओळख क्रमांक) बघतात. व्हीएमला जुना मॅक हाताने देता येतो, पण मग दोन्ही मशीन एका नेटवर्कवर एकत्र चालू ठेवायची नाहीत.

विंडोजचंही तसंच. सर्व्हरबरोबर आलेलं ओईएम लायसन्स त्याच लोखंडाचं असतं, ते व्हीएमवर चालवणं नियमात बसत नाही. मायग्रेशननंतर अ‍ॅक्टिव्हेशन मागितलं गेलं की मग धावाधाव होते. नव्या होस्टसाठी घेतलेल्या स्टँडर्ड एडिशनमध्ये सगळे फिजिकल कोर मोजून लायसन्स केले (प्रोसेसरमागे किमान ८, सर्व्हरमागे किमान १६), तर दोन व्हीएमचा हक्क मिळतो. हा खर्च कोटेशनमध्ये आधीच धरा.

तारीखही यादीत घ्या. महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० तारखेला ३बी या जीएसटी रिटर्नची मुदत असते. त्या दिवसांच्या आगेमागे अकाउंट्सचा सर्व्हर हलवायला घेऊ नका.

कॉपी मध्येच अडते किंवा संपतच नाही

आधी हिशोब करा. १ जीबीपीएस लिंकवर प्रत्यक्षात सेकंदाला ११० एमबीच्या आसपास मिळतात, म्हणजे ५०० जीबीला साधारण सव्वा तास लागतो. तीच लिंक १०० एमबीपीएसवर आली असेल तर साडेबारा तास लागतात. जुन्या ऑफिसांत कुठेतरी १०० चा स्विच उरलेला असतो, केबलची एखादी जोडी तुटलेली असते, किंवा नेटवर्क कार्डावर कोणीतरी स्पीड हाताने १०० फुल लावून ठेवलेला असतो. रात्री ११ ला काम सुरू करायच्या आधी, दुपारीच १० जीबीची एक फाइल इकडून तिकडे टाकून बघा. बाहेरच्या हार्ड डिस्कवर इमेज घेत असाल तर ती डिस्क एनटीएफएस फॉरमॅटची हवी. फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही आणि काम तिथेच थांबतं. डिस्क२व्हीएचडी या टूलने काढलेली डिस्कची फाइल त्याच जुन्या सर्व्हरवर जोडून बघायचा मोह आवरा. दोन डिस्कची सिग्नेचर (ओळख क्रमांक) एकच निघते, विंडोज त्यातली एक बदलतं आणि मग ती इमेज बूट होत नाही.

चालू सर्व्हरची कॉपी व्हीएसएसवर (चालू डिस्कची कॉपी घेण्याची विंडोजची सोय) अवलंबून असते. अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टवर ‘व्हीएसएसअ‍ॅडमिन लिस्ट रायटर्स’ चालवा. प्रत्येक रायटरपुढे स्टेबल आणि नो एरर दिसलं पाहिजे. एखादा फेल्ड असेल तर त्याची सर्व्हिस रीस्टार्ट करा, नाही जमलं तर सर्व्हर रीबूट करा. त्याआधी चेकडिस्क करून घ्या, कारण खराब सेक्टरवर कॉपी हमखास अडते. आणि डेटाबेस? एसक्यूएल आणि टॅली बंद करून, सगळ्या युजरना बाहेर काढूनच शेवटची कॉपी घ्या. चालू व्यवहारात घेतलेली कॉपी बूट होईल, पण त्या दरम्यान झालेल्या नोंदी जुन्या मशीनवर राहतील आणि कोणाच्या लक्षातही येणार नाही.

व्हीएमवेअर कन्व्हर्टर (फिजिकल मशीनची व्हीएम बनवणारं टूल) कुठल्या टक्क्यावर थांबला, ते नीट बघा. सुरुवातीच्या एक-दोन टक्क्यांवर थांबला तर बहुधा नेटवर्क किंवा फायरवॉल. डेटा जुन्या सर्व्हरवरून थेट ईएसएक्सआय होस्टकडे ९०२ पोर्टने जातो, त्यामुळे कन्व्हर्टर बसवलेल्या लॅपटॉपवरून पिंग मिळतो म्हणून खुश होऊ नका, जुन्या सर्व्हरवरून ९०२ उघडा आहे का ते तपासा. ९७-९८ टक्क्यांवर पडला तर डेटा बहुधा पूर्ण पोचलेला असतो, फसलेली असते ती शेवटची रिकॉन्फिगरेशनची पायरी. अशा वेळी सगळं पुन्हा कॉपी करू नका. त्याच व्हीएमवर ‘कॉन्फिगर मशीन’ चालवून बघा.

निळा स्क्रीन, स्टॉप कोड ७बी

याचं नाव ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’. विंडोजचा लोडर सुरू झाला, पण ज्या कंट्रोलरवर सी ड्राइव्ह आहे त्याचा ड्रायव्हर बूटच्या वेळी लोड झाला नाही. जुन्या मशीनवर रेड (RAID) कार्ड, म्हणजे अनेक डिस्क एकत्र चालवणारा कंट्रोलर होता, म्हणून विंडोजने बाकीच्या कंट्रोलरचे ड्रायव्हर बूटच्या यादीतून काढून ठेवलेले असतात. डेटा सुरक्षित असतो, घाबरून पुन्हा मायग्रेशन सुरू करू नका.

पहिला उपाय सोपा आहे: व्हीएमचा डिस्क कंट्रोलर बदला. व्हीएमवेअरमध्ये पॅराव्हर्च्युअल निवडला असेल तर एलएसआय लॉजिक सॅस करा. प्रॉक्समॉक्समध्ये व्हर्टआयओऐवजी साटा करा. त्याने नाही सुटलं तर रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगचा साठा) दुरुस्त करावी लागते. विंडोजच्या आयएसओवरून व्हीएम बूट करा, पहिल्या स्क्रीनवर शिफ्ट एफ१० दाबा, रेजएडिट उघडा. एचकेईवाय लोकल मशीनवर क्लिक करून ‘लोड हाइव्ह’ने सी ड्राइव्हच्या विंडोज, सिस्टीम३२, कॉन्फिग फोल्डरमधली सिस्टीम नावाची फाइल उघडा. सी चं अक्षर इथे कधी कधी डी किंवा ई झालेलं असतं, ते आधी बघून घ्या. अशा ऑफलाइन हाइव्हमध्ये (रजिस्ट्रीच्या फाइलमध्ये) ‘करंट कंट्रोल सेट’ दिसत नाही. ‘सिलेक्ट’ कीमधली ‘करंट’ व्हॅल्यू १ असेल तर कंट्रोल सेट ००१ मध्ये काम करायचं. त्यातल्या सर्व्हिसेसखाली तुमच्या कंट्रोलरचा ड्रायव्हर शोधा: साटासाठी स्टोरएएचसीआय (२००८ आर२ मध्ये एमएसएएचसीआय), आयडीईसाठी इंटेलआयडीई आणि एटापी, हायपर-व्ही जनरेशन २ साठी स्टोरव्हीएससी आणि व्हीएमबस. ‘स्टार्ट’ची व्हॅल्यू ० करा. सर्व्हर २०१२ पासून पुढे त्याच कीखाली ‘स्टार्टओव्हरराइड’ नावाची उपकी असते, तिच्यातली ३ ही व्हॅल्यूसुद्धा ० करा. हीच पायरी बरेच जण विसरतात, आणि ‘स्टार्ट तर शून्य केलंय, तरी बूट होत नाही’ म्हणून अडून बसतात. शेवटी ‘अनलोड हाइव्ह’ करून रीबूट करा.

मायग्रेशनच्या आधीच हा बदल जुन्या सर्व्हरवर केला तर रात्रीची मेहनत वाचते. तिथे ड्रायव्हर आधीच शून्यावर असला तरी बिघडत काही नाही.

प्रॉक्समॉक्सवर साटाने बूट झाल्यावर व्हर्टआयओकडे जायचं असेल तर व्हर्टआयओ ड्रायव्हर बसवा, मग १ जीबीची एक रिकामी डिस्क व्हर्टआयओवर जोडून व्हीएम एकदा बूट करा. विंडोज ड्रायव्हर ओळखून लोड करतं. मग बंद करून मुख्य डिस्क व्हर्टआयओवर न्या, बूट ऑर्डर पुन्हा लावा, रिकामी डिस्क काढून टाका.

निळ्याऐवजी काळा स्क्रीन आणि ‘नो बूटेबल डिव्हाइस’ आलं तर गोष्ट वेगळी. जुनी डिस्क एमबीआर (जुनी पार्टिशन पद्धत) असेल तर व्हीएम बायॉसवर हवी, हायपर-व्हीत जनरेशन १. जीपीटी (नवी पार्टिशन पद्धत) आणि यूईएफआय (बायॉसच्या जागी आलेलं नवं फर्मवेअर) असेल तर जनरेशन २. एकदा बनवलेल्या व्हीएमचं जनरेशन बदलता येत नाही, नवीन व्हीएम बनवून तीच डिस्क जोडायची. सर्व्हर २००८ आर२ जनरेशन २ वर चालत नाही. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू असेल तर कॉपीपूर्वी पूर्ण काढा.

लिनक्समध्ये या दुखण्याचं नाव इनिटरॅमएफएस (बूटच्या वेळी ड्रायव्हर पुरवणारी फाइल). रूट डिस्क न सापडल्यानं मशीन इमर्जन्सी शेलमध्ये थांबतं. रेस्क्यू मोडमधून सीएचरूट करून (म्हणजे बसवलेल्या सिस्टीमच्या आत शिरून) ‘ड्रॅकट’ ‘नो होस्टओन्ली’ पर्यायासह चालवा. डेबियन-उबुंटूवर इनिटरॅमएफएसच्या कॉन्फिगमध्ये मॉड्यूल्स ‘मोस्ट’ करून ‘अपडेट इनिटरॅमएफएस’ चालवा. एफएसटॅबमध्ये (कोणती डिस्क कुठे जोडायची याची फाइल) एसडीए लिहिलेलं असेल तिथे यूयूआयडी (डिस्कचा कायमचा ओळख क्रमांक) टाका.

आयपी देताना एरर, डी ड्राइव्ह गायब

जुना आयपी देताना ‘हा पत्ता दुसऱ्या अ‍ॅडॅप्टरला दिलेला आहे’ असं विंडोज सांगतं. जुन्या नेटवर्क कार्डाची नोंद अजून आत असते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘शो हिडन डिव्हाइसेस’ करून फिकट दिसणारी कार्डं काढा. नेटवर्क टीमिंग (दोन-तीन कार्डं एकत्र जोडलेली) असेल तर ते कॉपीच्या आधीच मोडा, नंतर काढायला फार त्रास होतो. आयपीकॉन्फिग आणि राउट प्रिंटचं आउटपुट कागदावर छापून ठेवा, डीएनएस आणि कायमचे राउट त्यातच सापडतात.

डी ड्राइव्ह दिसत नसेल तर डिस्क मॅनेजमेंट उघडा. नव्या कंट्रोलरवरची दुसरी डिस्क विंडोज कधी कधी ऑफलाइन ठेवतं. ती ऑनलाइन करा, रीड-ओन्ली असेल तर डिस्कपार्टमध्ये ते अ‍ॅट्रिब्यूट काढा, अक्षर पुन्हा डी द्या. शेअर केलेले फोल्डर तरीही दिसत नसतील आणि इव्हेंट लॉगमध्ये २५११ असेल, तर सर्व्हर सर्व्हिस सुरू होताना डी तिथे नव्हता. ड्राइव्ह आल्यावर ती सर्व्हिस रीस्टार्ट केली की शेअर परत येतात. एसक्यूएलही त्यानंतरच सुरू करा.

डोमेन कंट्रोलरची कॉपी

करू नका. चालू डोमेन कंट्रोलरची (ऑफिसातले सगळे लॉगिन सांभाळणारा सर्व्हर) कॉपी फिरली की यूएसएन रोलबॅकचा (जुन्या नोंदींमुळे इतर कंट्रोलरशी मेळ तुटण्याचा) धोका असतो (इव्हेंट २०९५), आणि तो निस्तरणं अतिशय जिकिरीचं आहे. नवीन व्हीएमवर स्वच्छ विंडोज टाका, डोमेनला जोडा, प्रमोट करा, एफएसएमओ रोल (डोमेनच्या खास जबाबदाऱ्या) हलवा, मग जुना डिमोट करा. वेळेचंही बघा: पीडीसी रोल (त्यांपैकीच, डोमेनची वेळ ठरवणारा) असलेल्या व्हीएमचं होस्टबरोबरचं टाइम सिंक बंद करून तिला बाहेरच्या एनटीपी (वेळ देणाऱ्या) सर्व्हरवर ठेवा. पाच मिनिटांहून जास्त फरक पडला की कर्बेरॉस (डोमेनची लॉगिन तपासणारी पद्धत) लॉगिन नाकारतं.

सगळं चालतंय, पण संथ

जुन्या मशीनवर २४ थ्रेड दिसत होते म्हणून व्हीएमला २४ व्हीसीपीयू (व्हर्च्युअल प्रोसेसर) देऊ नका. ४ पासून सुरू करा, गरज दिसली तर वाढवा. मग डिस्क बघा. परफमॉनमध्ये (विंडोजचा परफॉर्मन्स मॉनिटर) सरासरी डिस्क सेकंद पर रीड सतत ०.०२० च्या वर असेल तर अडचण स्टोरेजमध्ये आहे. होस्टच्या रेड कार्डाची बॅटरी मेलेली असली की कार्ड राइट-थ्रूवर (कॅश न वापरता थेट डिस्कवर लिहिणं) जातं आणि प्रत्येक एंट्री सेव्ह व्हायला वेळ लागतो. होस्टवरच्या अँटिव्हायरसच्या तपासणीतून व्हीएचडीएक्स (व्हीएमच्या डिस्कच्या) फाइल्स वगळा. मायग्रेशनच्या रात्री घेतलेला स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणाची स्थिती) तीन दिवसांत काढून टाका, तो बॅकअप नसतो आणि रोज फुगत जातो.

जुना सर्व्हर परत जागा होतो

पावसाळ्यात महावितरणची लाइन जाते, तासाभराने येते. बायॉसमध्ये ‘एसी पॉवर रिकव्हरी’ ऑनवर असेल तर जुना सर्व्हर आपोआप चालू होतो. एकाच नावाची, एकाच आयपीची दोन मशीन नेटवर्कवर येतात. काही युजर जुन्यात नोंदी करतात, काही नव्यात. कुठल्या एंट्री कुठे गेल्या हे नंतर हाताने जुळवावं लागतं. नवीन व्हीएम लाइव्ह केल्याच्या त्याच रात्री बायॉसमध्ये तो पर्याय ऑफ करा, जुन्या सर्व्हरच्या नेटवर्क केबल आणि पॉवर कॉर्ड दोन्ही काढून बाजूला गुंडाळून ठेवा, आणि पुढच्या बाजूला जाड मार्करने तारीख घालून चिठ्ठी लावा: ‘चालू करू नये’. निदान एक महिनाअखेर आणि एक जीएसटी रिटर्न नव्या व्हीएमवर पार पडेपर्यंत त्याच्या डिस्क पुसू नका.