गॅरेजात वर्कशॉप मांडताय? आधी अर्थिंग बघा

घराच्या गॅरेजात वर्कशॉप मांडायचं ठरवलं असेल, तर बाजारात जायच्या आधी वायरमनला बोलवा आणि भिंतीवरच्या सॉकेटचं झाकण उघडायला लावा. तिसऱ्या पिनेला हिरवी वायर जोडलेली आहे का, आणि ती खरोखर जमिनीपर्यंत जाते का, हे स्वतः उभं राहून बघा. मी बघितलं नव्हतं. टेबल, व्हाइस (काम घट्ट धरून ठेवणारा शिकंजा), जुन्या बाजारातला ड्रिल स्टँड, सगळं हौसेनं आणलं. जूनमध्ये फरशीला ओल आली. सायकल दुरुस्त करायला आलेल्या भाच्यानं चालू ड्रिलच्या खांबाला हात लावला. हात झटकला गेला म्हणून निभावलं. नंतर झाकण उघडलं, तर हिरवी वायर कापून आत दुमडून ठेवलेली.

तर अर्थिंग. जुन्या घरात नवा खड्डाच घ्या: अडीच मीटरचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप, भोवती कोळशा-मिठाचे थर, वर पाणी ओतायला नरसाळं. घराचा जुना खड्डा असेल तर दोन्ही आपसात जोडून घ्या. पुण्याकडे बऱ्याच ठिकाणी मुरूम लागतो, तो पाणी धरत नाही. मे महिन्यात खड्डा सुकला की अर्थिंग असून नसल्यासारखं. अर्थ टेस्टरनं मोजून आकडा कागदावर लिहून घ्या. नुसतं "आहे हो, आहे" म्हणणाऱ्यावर विसंबू नका, मी विसंबलो होतो.

मग आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लाइन तोडणारा स्विच, ३० मिलिॲम्पिअरचा. एमसीबी, म्हणजे बोर्डातला नेहमीचा ब्रेकर, असतो तो वायर जळू नये म्हणून. माणसाच्या अंगातून जाणाऱ्या एवढ्याशा करंटनं तो पडत नाही. आरसीसीबी पडतो. पण अर्थिंग नसेल तर मशिनच्या अंगात करंट उतरलेला असतो आणि कुणी हात लावेपर्यंत तोही गप्प बसतो. अर्थिंग असेल तर करंट उतरताक्षणी पडतो. म्हणून दोन्ही हवेत. एकावर भागवू नका.

मेन बोर्डापासून स्वतंत्र लाइन, ४ चौरस मिमीची तांब्याची वायर, १६ ॲम्पिअरची सॉकेट टेबलाच्या वर. वेल्डिंग करणार असाल तर वायरमनला आधीच सांगा. हातातल्या ड्रिल-ग्राइंडरला दोनच पिना दिसतात, ते दुहेरी इन्सुलेशनचे असतात, चालतात. लोखंडी अंगाच्या मशिनला तीन पिनाच हव्यात, आणि जुनं मशिन घेतलं असेल तर त्याची हिरवी वायर बॉडीला जोडलेली आहे का, तेही उघडून बघा.

टेबलाची उंची: सरळ उभं राहून हात खाली सोडले की मनगट येतं तिथपर्यंत. वर १९ मिमीच्या प्लायचे दोन थर, आणि टेबल भिंतीला अँकर बोल्टनं पक्कं. व्हाइस टेबलाच्या पायावर येईल असा बसवा. त्याचा न हलणारा जबडा टेबलाच्या कडेबाहेर किंचित यायला हवा, नाहीतर लांब पट्टी उभी धरताच येत नाही.

पाने, पक्कड, हातोडी, कानस हे सांगायला नको, लागतील तसे घ्या. गुण्या, म्हणजे काटकोन बघायचं हत्यार, मात्र दुकानातच तपासा. सरळ कडेच्या फळीवर रेघ मारा, गुण्या उलटा करून तिथूनच दुसरी मारा. रेघा फाकल्या तर तो परत ठेवा.

उजेड दोन बाजूंनी. गॉगल. ग्राइंडरचं गार्ड काढायचं नाही. ड्रिलवर हातमोजे नकोत, बिटात गुंडाळले जातात. ठिणग्यांचं काम असेल तेव्हा आधी भुसा झाडून काढा. अग्निशामक दाराजवळ. पावसाळ्याआधी हत्यारांना तेलाचा हात.

आणि उन्हाळाभर दर रविवारी नरसाळ्यात बादलीभर पाणी. कॅलेंडरवर आत्ताच लिहून ठेवा.