सोर्सवरून फ्रीबीएसडी अपग्रेड केलं आणि नेटवर्क गेलं? या चुका टाळा

फ्रीबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम सोर्सकोडवरून नव्याने बांधताना बिल्डवर्ल्ड (मूळ प्रोग्रॅम बांधणं) आणि बिल्डकर्नल (सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, बांधणं) सुरळीत पार पडतं, मशीन रीबूट होतं आणि पिंग काही जात नाही. अशा वेळी हात आपसूक आरसी.कॉन्फकडे, म्हणजे नेटवर्कच्या सेटिंगच्या फाइलकडे, जातो. आयपी बदलून बघायचा, गेटवे बदलून बघायचा, केबल काढून पुन्हा लावायची. कृपा करून तिथून सुरुवात करू नका. सोर्सवरचं अपग्रेड आरसी.कॉन्फला शिवतही नाही. काल चालणारी फाइल आज तशीच आहे. बदललंय ते तिच्या खालचं सगळं.

आधी युनेम या सिस्टिमची आवृत्ती सांगणाऱ्या कमांडला कॅपिटल के आणि कॅपिटल यू हे दोन पर्याय देऊन चालवा. पहिला आकडा कर्नलचा, दुसरा युजरलँडचा, म्हणजे कर्नलबाहेरच्या मूळ प्रोग्रॅमांचा. एक १४ ने आणि दुसरा १३ ने सुरू होत असेल, तर तुमचं अपग्रेड मध्येच थांबलंय. जुना इफकॉन्फिग (नेटवर्क इंटरफेस दाखवणारी आणि लावणारी कमांड) किंवा जुना पीएफसीटीएल (पीएफ फायरवॉल चालवणारी कमांड) नव्या कर्नलशी बोलायला गेला की विचित्र एरर येतात, आणि माणूस फायरवॉलचे नियम तपासत बसतो. नियम बरोबरच असतात. इन्स्टॉलवर्ल्ड (बांधलेले प्रोग्रॅम बसवणं) आणि एटसीअपडेट (सेटिंगच्या फाइलींत नवे बदल मिसळणं) पूर्ण करा, मग बोलू. एटसीअपडेटने कॉन्फ्लिक्ट दाखवले असतील तर रिझॉल्व्ह केल्याशिवाय उठू नका, नाहीतर त्या फाइली जुन्याच राहतात.

दोन्ही आकडे जुळतात, पण इफकॉन्फिगमध्ये फक्त लूपबॅक (मशीनचा स्वतःशीच बोलणारा इंटरफेस) दिसतोय? मग मशीनमधल्या कार्डांची यादी देणारी पीसीआयकॉन्फ -एलव्ही चालवा. नेटवर्क कार्डाच्या ओळीची सुरुवात नन० अशी असेल, तर कार्ड धडधाकट आहे, त्याला ड्रायव्हर मिळालेला नाही. इथे बहुतेक वेळा स्वतः कापूनछाटून केलेली कर्नल फाइल, म्हणजे कर्नलमध्ये काय काय घ्यायचं याची यादी, नडते. इंटेलच्या कार्डांचं उदाहरण घ्या. आयजीबी आणि ईएम हे पूर्वी वेगळे ड्रायव्हर होते. २०१७ च्या जानेवारीत दोन्ही आयफ्लिब या सामायिक ड्रायव्हर-चौकटीवर आणले गेले, आणि आयजीबी वापरणाऱ्यालाही कर्नल फाइलमध्ये ईएम ठेवणं भाग पडलं. पुढे आयफ्लिबचीही स्वतंत्र ओळ लागू लागली. ज्याने ‘माझ्याकडे ईएम कार्ड नाही’ म्हणून ती ओळ कधीकाळी उडवली होती, त्याचं नेटवर्क असंच गेलं. हे सगळं सोर्समधल्या अपडेटिंग या फाइलमध्ये तारखेसकट लिहिलेलं असतं. शेवटच्या अपग्रेडनंतरच्या नोंदी वाचायला दहा मिनिटं लागतात, आणि त्या बांधणीच्या आधी वाचायच्या असतात. कर्नल फाइलही पूर्ण स्वतःची लिहू नका. जेनेरिक ही फ्रीबीएसडीसोबत येणारी मूळ फाइल इन्क्लूड करा आणि नको ते नोडिव्हाइसने वगळा.

फार जुनं कार्ड असेल तर आणखी एक शक्यता आहे: फ्रीबीएसडी १३.० मध्ये ईडी, डीई, ईपी असे बरेच १०/१०० मेगाबिट कार्डांचे ड्रायव्हर काढूनच टाकले. तिथे उपाय एकच, कार्ड बदला.

रिअलटेकच्या कार्डासाठी पोर्ट्समधलं (मूळ सिस्टिमबाहेरच्या सॉफ्टवेअरच्या संग्रहातलं) ड्रायव्हर मॉड्यूल वापरत असाल तर कर्नलबरोबर तेही नव्याने बांधावं लागतं. जुनं मॉड्यूल नवा कर्नल ‘व्हर्जन मिसमॅच’ म्हणून नाकारतो. मेक.कॉन्फ या बांधणीच्या सेटिंगच्या फाइलमध्ये पोर्ट्स_मॉड्यूल्सची ओळ घालून ठेवली की दर कर्नलबरोबर ते आपोआप बांधलं जातं.

आयपीएफडब्ल्यू ही दुसरी फायरवॉल वापरणाऱ्यांनी एवढं बघावं: पिंगला ‘परमिशन डिनाइड’ आलं, तर नियम लोडच झालेले नाहीत आणि ६५५३५ क्रमांकाचा मूळ नियम सगळं अडवतोय, अशी दाट शक्यता आहे. दूरच्या मशीनवर याचा अर्थ एसएसएचही, म्हणजे दुरून लॉगिन करणंही, गेलं. म्हणून कन्सोल (नेटवर्कशिवाय थेट मशीनपर्यंत पोहोचायची सोय) हाताशी असल्याशिवाय लांबच्या सर्व्हरवर हे काम काढू नका.

आणि आता ती चूक, जिने मी एक अख्खी रात्र घालवली. इन्स्टॉलकर्नल आधीचा कर्नल कर्नल.ओल्ड म्हणून बाजूला ठेवतो, हे मला ठाऊक होतं, त्यामुळे मी निर्धास्त होतो. नेटवर्क लागलं नाही म्हणून फाइल दुरुस्त केली, पुन्हा बांधलं, पुन्हा इन्स्टॉलकर्नल केलं. तेही चाललं नाही. मग लोडरमधून (बूटच्या वेळच्या मेनूतून) कर्नल.ओल्ड निवडला, तर तोही बिनानेटवर्कचा! दुसऱ्या इन्स्टॉलने चालता कर्नल पुसून त्या जागी माझाच बिघडलेला कर्नल ठेवला होता. तेव्हापासून बांधणीला हात घालण्याआधी मी बूटमधली कर्नल डिरेक्टरी कर्नल.गुड नावाने कॉपी करतो, आणि नवा कर्नल निदान आठवडाभर नीट चालेपर्यंत ती हलवत नाही.