श्वसनाभ्यासाची पहिली पायरी
गोव्याच्या दमट हवेत बंद खोलीपेक्षा घराचा मोकळा सोपा किंवा पहाटेचा मिरामार किनारा श्वसनाभ्यासाला अधिक योग्य. रिकाम्या पोटी, पाठ ताठ पण खांदे सैल ठेवून बसावे. अंगठ्याने उजवी नाकपुडी बंद करून डावीने श्वास घ्यावा, मग अनामिकेने डावी बंद करून उजवीने सोडावा आणि पुन्हा उजवीनेच घेऊन डावीने सोडावा. हे नाडीशोधनाचे, म्हणजे आलटून-पालटून एकेका नाकपुडीने श्वास घेण्या-सोडण्याच्या प्राणायामाचे, एक आवर्तन झाले. श्वास 4 सेकंद घेऊन 6 सेकंद सोडल्यास मिनिटाला 6 श्वास होतात, आणि आधुनिक मंदश्वसनाचा गाभाही हाच आहे, कारण उच्छ्वासाच्या वेळी हृदयाची गती मंदावते. श्वास रोखण्याची घाई नवशिक्यांनी मुळीच करू नये. उच्च रक्तदाब असलेल्यांनी आणि गर्भवतींनी तर श्वास रोखणे टाळावेच.