पावसाळी आभाळ जलरंगात रंगवताना या चुका टाळा

जून लागला की मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर जलरंगांच्या पेट्या उघडतात आणि दरवर्षी त्याच चुकांपायी चांगले कागद वाया जातात. त्यांतली सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे अर्धवट वाळलेल्या वॉशला, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाच्या थराला, पुन्हा ब्रश लावणे. कागदावरची चकाकी गेली म्हणजे वॉश वाळला, असे नवशिके धरून चालतात. प्रत्यक्षात कागद आतून ओलाच असतो, आणि त्यावर पाण्याने भरलेला ब्रश टेकला की ते पाणी रंगाचे कण कडेला ढकलते व ढगाच्या जागी फुलकोबीसारखा डाग उमटतो. जुलैत हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असताना तर वॉश वाळता वाळत नाही.

वरळी सी फेसवर एकदा मी स्वतः हाच उद्योग केला. क्षितिजालगतचा उजेड मनासारखा साधला होता, पण समुद्रावरून सर येताना दिसली आणि घाईघाईत ढगाची खालची कड 'जरा सुधारायला' गेलो. कड फुटली, ती टिपायला टिश्यू चोळला, तर कागदच सोलवटला. तेव्हापासून डाव्या हातात जुन्या सुती धोतराचा फडका असतो, आणि त्यावर टेकवल्याशिवाय ब्रश कागदाकडे जात नाही. कागदाला बोटांची मागची बाजू लावून पाहतो; गार लागला तर थांबतो, मग सर आली तरी बेहत्तर.

दुसरी चूक आळसाची आहे. ट्यूबमधला काळा पाण्यात कालवून केलेले आभाळ काजळीसारखे मेलेले दिसते. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना पॅलेटवर मिसळून पाहा: निळा वाढवला की थंड करडा मिळतो, तपकिरी वाढवला की भरून आलेल्या ढगाचा ऊबदार पोटाकडचा रंग. जलरंग वाळल्यावर फिकटतो, म्हणून हा करडा डोळ्यांना थोडा जास्तच वाटेल इतका गडद लावावा. घाबरत लावलेले आभाळ घरी पोहोचेपर्यंत पांढरे पडते.

रंगीत छत्रीखाली बसू नये, तिची झाक कागदावर पडते. ३०० जीएसएमपेक्षा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनापेक्षा) पातळ कागद पावसाळ्यात नेऊच नये. दमट कपाटात वर्षभर पडलेल्या कागदाचे साइझिंग, म्हणजे पाणी पटकन शोषू न देणारी खळ, गेलेले असते आणि रंग टीपकागदासारखा शोषला जातो. मी उरलेले कागद सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात ठेवतो.

साडेचार मीटरहून मोठ्या भरतीच्या दिवसांची यादी महापालिका पावसाळ्याआधीच जाहीर करते. त्या दिवशी मी कठड्यावर न जाता गच्चीच्या जिन्याखाली बसतो. आभाळ तिथूनही तेवढेच दिसते.